सांगणाऱ्याचं नाव कोण सांभाळतं?

केंद्रीय दक्षता आयोगाकडे भ्रष्टाचाराची गोपनीय तक्रार कशी पाठवायची, याच्या सूचना ठरलेल्या आहेत. पत्र लिफाफ्यात घालून लिफाफा नीट चिकटवायचा. वर 'पीआयडीपीआय' ही अक्षरं आणि आयोगाच्या सचिवांचा पत्ता लिहायचा. पाठवणाऱ्याचं नाव लिफाफ्यावर येऊ द्यायचं नाही, ते आतल्या कागदावर असायला हवं. नाव नसलेली तक्रार घेतली जात नाही. तक्रारीची पोच मिळत नाही आणि पुढे पत्रव्यवहार करू नये, असंही तक्रारदाराला सांगितलेलं आहे. आयोगाचं पत्र घरी किंवा कचेरीत आलं, तर ते भलत्याच्या हाती पडेल ही भीती त्यामागे आहे.

या सूचना २१ एप्रिल २००४ च्या केंद्र सरकारच्या ठरावातून आल्या. ठरावाच्या पाच महिने आधी सत्येंद्र दुबे यांचा खून झाला होता. दुबे आयआयटी कानपूरमधून शिकलेले स्थापत्य अभियंते होते आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात कोडरमा इथे सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर होते. बड्या कंत्राटदारांनी कामं परस्पर छोट्या ठेकेदारांकडे ढकलल्याचं आणि पैशांच्या गैरव्यवहाराचं पत्र त्यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना पाठवलं. निनावी पत्राकडे कुणी लक्ष देणार नाही, म्हणून ओळख वेगळ्या कागदावर दिली आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र ओळखीसकट पंतप्रधान कार्यालयातून मंत्रालयात आणि तिथून त्यांच्याच प्राधिकरणात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया स्थानकावरून घरी जाताना त्यांना गोळी घालण्यात आली. सीबीआयने लुटीचा प्रकार म्हणून तपास मांडला आणि २०१० मध्ये पाटण्याच्या न्यायालयाने तिघांना दोषी ठरवलं. हेतू लुटीचा मानला, तरी गुप्ततेच्या विनंतीसह गेलेलं पत्र नावासकट टेबलाटेबलावरून गेलं, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

पुढची वीस वर्षं या प्रश्नावर आपल्याकडे बरंच काही झालं. एक ठराव, एक कायदा, कंपनी कायद्यातली दोन पोटकलमं, सेबीचे नियम आणि रिझर्व्ह बँकेची योजना. या सगळ्यांना एकत्र ठेवून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी माहिती देणाऱ्याकडून आधी नाव मागितलं जातं. नाव फुटलं तर, किंवा नाव कळल्यावर त्याच्या नोकरीचे हाल झाले तर, त्याची भरपाई कोण करणार याचं उत्तर मात्र अर्धवट राहतं. जागल्याच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्याच्या, संरक्षणाचा सगळा प्रश्न या फटीत आहे, असं मला वाटतं.

खुनांच्या बातम्या आपल्याला आठवतात. इंडियन ऑइलचे विक्री अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांनी भेसळीसाठी पेट्रोलपंप सील केले आणि नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात त्यांना ठार मारण्यात आलं. मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलमाफियांनी भरदिवसा जाळलं. महाराष्ट्र तो दिवस विसरलेला नाही, विसरूही नये. सोनवणे तक्रारदार नव्हते, ते आपलं काम करत होते. पण गैरव्यवहार पाहून जो गप्प बसत नाही त्याचं काय होतं, या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचं नाव येणारच.

तरीही या घटनांमुळे चित्र थोडं चुकीचं उभं राहतं. बहुतेकांना कुणी गोळी घालत नाही. त्यांच्यावर फाइल चालवली जाते. वर्षानुवर्षं 'उत्कृष्ट' असलेला गोपनीय अहवाल एकाएकी 'साधारण' होतो. मुलीच्या दहावीच्या वर्षी गडचिरोलीची ऑर्डर निघते, किंवा त्याच इमारतीत अशी जागा मिळते जिथे टेबल आहे, खुर्ची आहे आणि काम नाही. तीन वर्षांपूर्वीच्या प्रवासभत्त्याच्या बिलावरून कारणे दाखवा नोटीस येते. खातेनिहाय चौकशी सुरू होते आणि ती संपत नाही, तोवर पदोन्नती अडकते. खासगी कंपनीत हेच वेगळ्या नावांनी घडतं: वार्षिक मूल्यमापनात घसरलेली श्रेणी, कामगिरी सुधारण्यासाठी दिलेली तीन महिन्यांची मुदत, राजीनामा दिला तर बरं असा एचआरचा गोड सल्ला, आणि त्यानंतर रखडलेलं रिलीव्हिंग लेटर. यातली प्रत्येक कृती एकेकटी पाहिली तर नियमात बसते. बदली हा प्रशासनाचा अधिकार आहे, मूल्यमापन हा कंपनीचा. म्हणूनच हा सूड सिद्ध करणं कठीण जातं.

सरकारी कर्मचाऱ्याला या बाबतीत निदान काही आधार आहेत, आणि त्यातले बरेचसे जागल्यांसाठी बनलेले नव्हते. घटनेच्या ३११ व्या कलमामुळे त्याला सहसा चौकशीशिवाय बडतर्फ करता येत नाही. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. त्याआधी प्रतिकूल शेरा तेवढा कळवायची पद्धत होती, म्हणजे 'उत्कृष्ट'वरून 'चांगला' असं हळूच उतरवलं तर माणसाला पत्ताच लागत नसे. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा कायदा आहे. साधारणपणे एका जागी तीन वर्षं, आणि मुदतीआधी बदली करायची तर लेखी कारण आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याची मान्यता. या कायद्याच्या आधारे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण मध्येच केलेल्या बदल्या रद्द करू शकतं. कायद्यात जागल्यांचा उल्लेख नाही, पण त्यांना त्याचा उपयोग मोठा आहे.

याच्या उलट बाजूला आहेत वर्तणूक नियम. सरकारी माहिती परवानगीशिवाय बाहेर देऊ नये, शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करू नये. या नियमांचं काय होऊ शकतं, ते मनोज मिश्रा यांच्या खटल्यात दिसलं. गुजरातमधल्या काक्रापार अणुवीज प्रकल्पातले ते कर्मचारी. १९९४ च्या पुराचं पाणी प्रकल्पात शिरलं, त्याबद्दल त्यांनी एका गुजराती दैनिकाला पत्र लिहिलं. त्यांची नोकरी गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. माहिती उघड करणारा प्रत्येक जण आपोआप जागल्या ठरत नाही, त्याने आधी संस्थेतले मार्ग वापरायला हवे होते, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. कायद्याच्या दृष्टीने या निकालामागे तर्क आहे. पण तळाच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्याने अणुप्रकल्पातल्या पाण्याबद्दल आपल्याच वरिष्ठांकडे जावं आणि त्यांनी ऐकावं, ही अपेक्षा मला जड वाटते. आतले मार्ग वापरले नाहीत म्हणून शिक्षा द्यायची असेल, तर ते मार्ग चालू आहेत की नाहीत हेही तपासलं पाहिजे.

आपल्या राज्यातलं मोठं उदाहरण विजय पांढरे यांचं. नाशिकला मुख्य अभियंता असलेल्या पांढरे यांनी २०१२ मध्ये मुख्यमंत्री आणि राज्यपाल यांना पत्रं लिहून सिंचन प्रकल्पांच्या फुगवलेल्या खर्चाबद्दल आणि निकृष्ट कामांबद्दल सांगितलं. त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणी अहवालाने दशकभरात सिंचनाखालचं क्षेत्र फक्त ०.१ टक्क्याने वाढल्याचं दाखवलं होतं आणि त्या काळात खर्च झालेल्या सुमारे ७०,००० कोटींचा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. पांढरे यांच्या पत्रांनी त्या आकड्यांना आतल्या माणसाची साक्ष मिळाली. सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, डिसेंबरमध्ये ते परत आले. दरम्यान श्वेतपत्रिका निघाली, पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली तपास पथक नेमलं गेलं, गुन्हे दाखल झाले. २०१९ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पवारांवर जबाबदारी येत नाही असं उच्च न्यायालयात सांगितलं. राजकीय निष्कर्ष वाचकाने आपला काढावा. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की पांढरे हे नोकरीच्या शेवटच्या टप्प्यातले, सर्वोच्च श्रेणीतले अभियंते होते. त्यांचा शब्द वजनाचा होता. त्याच प्रकल्पावर मोजमाप पुस्तकात खोटी नोंद करायला लावलेल्या कनिष्ठ अभियंत्याला हे पत्र लिहिता आलं असतं का? त्याच्यासमोर तीस वर्षांची नोकरी उभी असते आणि त्याचा गोपनीय अहवाल लिहिणारा साहेबच त्या बिलावर सही करणारा असतो.

दुबे यांच्या खुनानंतर सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केली आणि सरकारने ठराव केला. कायदा व्हायला मात्र आणखी दहा वर्षं लागली, जरी विधी आयोगाने आपल्या १७९ व्या अहवालात डिसेंबर २००१ मध्येच, म्हणजे दुबे यांनी पत्र लिहिण्याच्याही आधी, अशा कायद्याची शिफारस केली होती. २०१० मध्ये विधेयक आलं, डिसेंबर २०११ मध्ये लोकसभेत आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं. ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची सही झाली.

हा जागल्या संरक्षण कायदा वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक सेवकाचा भ्रष्टाचार, अधिकाराचा जाणूनबुजून केलेला गैरवापर किंवा फौजदारी गुन्हा याबद्दल कुणीही तक्रार करू शकतो. नाव फोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आहे. सर्वात मोलाचं म्हणजे, तक्रारीनंतर छळ झाल्याचा आरोप असेल तर आपली कृती छळाची नव्हती, हे सिद्ध करण्याचं ओझं संबंधित कार्यालयावर टाकलेलं आहे. वर सांगितलेल्या फाइलीच्या सूडावर औषध असेल तर ते हेच. बदली आमचा अधिकार आहे, एवढं म्हणून भागणार नाही. ही बदली याच माणसाची, याच महिन्यात का केली, हे सांगावं लागेल.

पण कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढील त्या तारखेपासून तो लागू होईल. ती अधिसूचना निघालेली नाही. संसदेने मंजूर केलेला, राष्ट्रपतींनी सही केलेला कायदा एवढी वर्षं तारखेअभावी पडून आहे. मे २०१५ मध्ये एक दुरुस्ती विधेयक आलं. त्यात दहा प्रकारची माहिती तक्रारीत देण्यावर बंदी होती. देशाची सुरक्षा, मंत्रिमंडळाची कागदपत्रं इथपासून व्यापारी गुपितांपर्यंत. शासकीय गुपिते कायद्यापासून तक्रारदाराला मिळालेलं संरक्षणही त्याने काढून घेतलं असतं. लोकसभेने ते दोन दिवसांत मंजूर केलं, राज्यसभेत ते अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर संपलं. माहिती अधिकारातले अपवाद जसेच्या तसे इथे आणण्यात मोठी चूक होती. माहिती अधिकारात मिळालेला कागद अर्जदार जगाला दाखवू शकतो, तर जागल्या आपली माहिती गुप्तपणे सक्षम अधिकाऱ्याला देतो. मंत्रिमंडळाच्या टिप्पणीत घोटाळा दडला असेल आणि ती टिप्पणी दक्षता आयोगालाही दाखवता येणार नसेल, तर दाखवायची कुणाला?

आज सरकारी क्षेत्रात २००४ चा ठराव तेवढा चालू आहे. तो केंद्र सरकार, त्याचे सार्वजनिक उपक्रम आणि त्याच्या नियंत्रणातल्या संस्था यांच्यापुरता. जिल्हा परिषदेतला लिपिक, महापालिकेतला अभियंता, राज्याच्या महामंडळातला लेखापाल त्याच्या कक्षेत येत नाही.

खासगी क्षेत्राची गोष्ट वेगळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १७७ व्या कलमाने सगळ्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्यांना आणि बँका व वित्तीय संस्थांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज उचललेल्या कंपन्यांना दक्षता यंत्रणा ठेवणं बंधनकारक केलं. कर्मचाऱ्याला गरज पडल्यास थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षाकडे जाता आलं पाहिजे, आणि त्याचा छळ होऊ नये म्हणून 'पुरेसे' संरक्षण असलं पाहिजे. सेबीच्या २०१५ च्या नियमांनी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी हेच पुन्हा सांगितलं. त्यामुळे आज कोणत्याही मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जागल्या धोरण सापडतं.

त्या 'पुरेसे' या शब्दाखाली कायद्याने काहीच ठेवलेलं नाही. छळ म्हणजे काय हे सांगितलेलं नाही. छळ झाला तर कुठे दाद मागायची हे सांगितलेलं नाही. कलम मोडलं तर कंपनीला ५ लाख आणि जबाबदार अधिकाऱ्याला १ लाख रुपये दंड आहे, कैद होती ती २०२० च्या दुरुस्तीने काढली. हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला ५ लाखांचं भय वाटावं, अशी अपेक्षा कुणाचीही नसेल. आणि या दंडातला एक रुपयाही नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी जात नाही.

सत्यम कॉम्प्युटर्सचं प्रकरण या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवावं लागतं. डिसेंबर २००८ मध्ये 'जोसेफ अब्राहम' अशा टोपणनावाने एका स्वतंत्र संचालकाला ईमेल आला, त्यात कंपनीची शिल्लक खोटी असल्याचं म्हटलं होतं. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबुली दिली. ५,०४० कोटी रुपयांची रोकड कागदावर होती, बँकेत नव्हती. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या को-लोकेशन प्रकरणाची सुरुवातही २०१५ मध्ये सेबीला आलेल्या एका पत्रापासून झाली. काही दलालांना व्यवहाराची माहिती इतरांच्या आधी मिळते, असं सांगणाऱ्या त्या पत्राखाली टोपणनाव होतं. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या 'मनीलाइफ'ने ते छापलं, तेव्हा शेअर बाजाराने त्यांच्यावर १०० कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी लेखनाला मनाई करायला नकार दिला आणि शेअर बाजारालाच ५० लाखांचा खर्च भरायला लावला. सेबीने २०१९ मध्ये शेअर बाजाराला सुमारे ६२५ कोटी भरायला सांगितलं, अपिलात २०२३ मध्ये ती रक्कम १०० कोटींवर आली. इन्फोसिसमध्ये २०१९ साली 'नीतिमान कर्मचारी' अशा सहीने पत्र गेलं, ते उघड झाल्यावर एका दिवसात शेअर सुमारे १६ टक्के घसरला. चौकशीत आरोपांना पुरावा मिळाला नाही आणि जानेवारी २०२० मध्ये कंपनीने तसं जाहीर केलं.

यातल्या एकाही पत्रावर खरं नाव नव्हतं. २००४ च्या ठरावाखाली किंवा २०१४ च्या कायद्याखाली ही तीनही पत्रं निनावी म्हणून बाजूला पडली असती. निनावी अर्जांचा सुळसुळाट कसा होतो आणि त्यातून चांगल्या अधिकाऱ्याची बढती कशी अडवली जाते, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे, आणि ती तक्रार खरी आहे. पण पत्रात बिलाचा क्रमांक, खात्याचा क्रमांक, तारीख असेल, तर ती तपासायला पत्र लिहिणाऱ्याच्या नावाची गरज काय? तपासण्याजोग्या मजकुराला नावाची अट असू नये. इन्फोसिसचं उदाहरणही इथे कामी येतं. तक्रार खोटी ठरू शकते, म्हणूनच चौकशी असते. संरक्षणाची कसोटी तक्रार खरी ठरली का, ही असता कामा नये. सांगणाऱ्याला ती खरी वाटण्याजोगं कारण होतं का, एवढंच पाहावं.

सहकारी क्षेत्राकडे या आढाव्यात थांबायलाच हवं, कारण महाराष्ट्राचा पैसा तिथे आहे. भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि सुरुवातीला ठेवीदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. एका बांधकाम समूहाला दिलेली ६,५०० कोटींच्या आसपासची कर्जं, बँकेच्या एकूण कर्जांच्या जवळजवळ तीन चतुर्थांश, २१,००० हून अधिक बनावट खात्यांआड दडवली होती. बँकेतल्याच काही कर्मचाऱ्यांनी ही माहिती रिझर्व्ह बँकेपर्यंत पोचवल्याचं तेव्हा बातम्यांत आलं. एवढी बनावट खाती संगणकात भरणारे हात होते, पाहणारे डोळे होते. त्यातल्या किती जणांना वर्षानुवर्षं झोप लागली नसेल याचा विचार मी अनेकदा करते. पण बोलायला जागा कुठे होती? रिझर्व्ह बँकेची २००७ ची संरक्षित प्रकटीकरण योजना खासगी आणि परदेशी बँकांसाठी होती. सहकारी बँकांना घोटाळा-व्यवस्थापनाचे आणि जागल्या तक्रारींचे स्पष्ट निर्देश २०२४ मध्ये मिळाले. गावोगावच्या पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच नाहीत. तिथला रोखपाल, पिग्मी एजंट, शाखाधिकारी हे त्याच गावात राहतात, संचालकांच्या ओळखीने लागलेले असतात, आणि बोलले तर खाल्ल्या मिठाला जागले नाहीत असं गाव म्हणतं. ज्या ठेवीदारांचे पैसे बुडतात ते शेजारी असतात, तरीही.

बक्षिसाच्या बाबतीत आपलं धोरण विसंगत आहे. आयकर खात्याच्या २०१८ च्या योजनांत लपवलेल्या परदेशी मालमत्तेची माहिती देणाऱ्याला ५ कोटींपर्यंत आणि बेनामी मालमत्तेची माहिती देणाऱ्याला १ कोटीपर्यंत रक्कम मिळू शकते. शेअर बाजारातल्या आतल्या माहितीवर व्यवहार करणाऱ्यांबद्दल सेबीने २०१९ मध्ये खबर देण्याची व्यवस्था केली. तिच्यात वसूल रकमेच्या १० टक्के, आधी १ कोटी आणि २०२१ पासून १० कोटींपर्यंत. तिथे सूडाला मनाई आहे आणि सेबीकडे जाण्यापासून रोखणारा नोकरीच्या करारातलं कोणतंही कलम निरर्थक ठरतं. म्हणजे कसं करायचं हे आपल्याला कळतं. पण कंपनीने औषधाच्या चाचण्यांचे आकडे बनावट दिले किंवा पुलाच्या सिमेंटमध्ये चोरी केली, तर हे काहीही लागू नाही. रॅनबॅक्सी या औषध कंपनीतल्या बनावट आकड्यांबद्दल तिथले माजी अधिकारी दिनेश ठाकूर यांनी २००५ मध्ये टोपणनावाने अमेरिकेच्या औषध प्रशासनाला लिहिलं. कंपनीने मे २०१३ मध्ये गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले आणि ठाकूर यांना त्यातले सुमारे ४.८ कोटी डॉलर मिळाले, कारण तिथे १८६३ पासूनचा एक कायदा सरकारला फसवणाऱ्याविरुद्ध दावा आणणाऱ्या नागरिकाला वाटा देतो. त्या औषधांचे कारखाने भारतात होते. इथे ठाकूर यांना कोणत्या कायद्याखाली काय मिळालं असतं?

बक्षीस असावं की नसावं यावर प्रामाणिक मतभेद आहेत. पैशासाठी लोक खोटं बोलतील ही भीती मला फारशी पटत नाही, कारण वसुली झाल्याशिवाय वाटा मिळतच नाही. पण बक्षिसापेक्षा तातडीची गरज पगाराची आहे. तक्रार केल्यावर नोकरी गेली की पहिल्या महिन्यात घराचा हप्ता थकतो, आणि खटला पाच-सात वर्षं चालतो. ब्रिटनने १९९८ च्या कायद्यात यावर एक साधा उपाय ठेवला आहे. तक्रारीमुळे काढून टाकलेल्या माणसाने सात दिवसांत अर्ज केला आणि त्याची बाजू सकृद्दर्शनी भक्कम दिसली, तर निकाल लागेपर्यंत पगार चालू ठेवण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थांना तक्रारीची पोच सात दिवसांत आणि कारवाईची माहिती तीन महिन्यांत द्यावी लागते. छळ नव्हता हे सिद्ध करण्याचा भार तिथेही मालकावरच असतो.

महाराष्ट्राला याचं नवल वाटायचं कारण नाही. अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या आपल्या १९७१ च्या कायद्याने सूडबुद्धीने केलेली बडतर्फी बेकायदा ठरवली, कामगाराला स्वतः ९० दिवसांत कामगार न्यायालयात जाण्याचा हक्क दिला आणि न्यायालयाला अंतरिम आदेशाचा अधिकार दिला. हा विचार इथल्या कामगार चळवळीने पन्नास वर्षांपूर्वी करून ठेवला होता. फक्त त्याची व्याख्या कामगारापुरती आहे. व्यवस्थापकीय कामावर असलेले लोक आणि ठरावीक रकमेहून जास्त पगार घेणारे पर्यवेक्षक त्यातून वगळलेले आहेत. केंद्राच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही पर्यवेक्षकांसाठी ही रेषा महिना १८,००० रुपयांवर आहे. पण घोटाळा दिसतो तो लेखा विभागाच्या व्यवस्थापकाला, खरेदी अधिकाऱ्याला, अंतर्गत लेखापरीक्षकाला. मशिनवरच्या माणसाला जे संरक्षण आहे ते त्यांना नाही. घोटाळे शोधणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ च्या अहवालात पाहिलेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के कुणीतरी सांगितल्यामुळे उघडकीला आली होती, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक त्या संस्थेचे कर्मचारी होते. लेखापरीक्षणाने पकडलेली त्याहून कितीतरी कमी. संगणकीय नियंत्रणावर कोट्यवधी खर्च करणाऱ्या कंपन्यांनी हा आकडा डोळ्यासमोर ठेवायला हवा.

आज कुणाच्या हाती असा कागद असेल, तर त्याला काय सांगावं? पहिली गोष्ट, तारखेनिशी टिपण ठेवावं, स्वतःच्या वहीत, कंपनीच्या संगणकावर नाही. काय पाहिलं आणि काय ऐकलं हे वेगळं लिहावं. आपल्याला ज्या कागदांचा कामानिमित्त अधिकार आहे तेवढेच हाताळावेत. दुसऱ्याच्या खात्यातून फाइली उतरवून घेतल्या तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आपल्यावरच येतो, आणि मूळ तक्रार बाजूला पडते. तक्रार योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केली तर बदनामीच्या गुन्ह्यातून सूट आहे; जुन्या दंड संहितेतला हा अपवाद भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात कायम आहे. समाजमाध्यमांवर टाकलेल्या मजकुराला ही सूट मिळेल याची खात्री नाही. केंद्राच्या कार्यालयातले असाल तर दक्षता आयोगाचा लिफाफा, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत असाल तर धोरणात दिलेला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षाचा पत्ता, शेअरच्या व्यवहारांबद्दल असेल तर सेबी. आणि पहिलं पत्र टाकण्याआधी वकिलाला भेटावं, त्यानंतर नाही. आपल्या शेवटच्या तीन वर्षांच्या मूल्यमापनाच्या प्रती तेव्हाच काढून ठेवाव्यात. पुढे श्रेणी घसरली की त्याच प्रती सर्वात आधी लागतात.

राज्य सरकारच्या हातात यातलं बरंच आहे. स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी २००४ च्या ठरावासारखी व्यवस्था करायला, किंवा सहकार खात्यामार्फत पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांना निबंधकाच्या वर एखादा स्वतंत्र पत्ता द्यायला दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. केंद्राला २०१४ चा कायदा लागू करायला नवं विधेयकही नको, एक तारीख हवी. खासगी क्षेत्रासाठी मात्र खरोखर नवा कायदा लागेल. त्यात छळाची व्याख्या हवी, मालकावर सिद्धतेचा भार हवा, खटला चालू असेपर्यंतचा पगार हवा आणि निनावी पण तपासण्याजोग्या तक्रारीला जागा हवी. विधी आयोगाने शिफारस केली त्याला २००१ पासून दोन दशकांहून जास्त काळ लोटला आहे, आणि खरेदी विभागातल्या कुणासमोर आजही फुगवलेलं बिल सहीसाठी आलेलं असेल.